डबे वाजवणारा सरगर

सिद्धनाथ सरगर या माणसाचा मी अठरा वर्षं हेवा केला. अधूनमधून नाही, अगदी नेमानं केला. काही माणसं सकाळी उठून व्यायाम करतात, तसा मी कार्यालयात येऊन सरगरचा हेवा करायचो. आमच्या बदल्या सांगली आणि साताऱ्याच्या दरम्यान व्हायच्या, पण मी एका गावी गेलो की वर्षभरात तोही मागोमाग यायचा आणि नेमकी माझ्या समोरची खुर्ची त्याला मिळायची. त्यामुळे माझ्या नेमात फारसा खंड पडला नाही.

आम्ही दोघंही अन्न सुरक्षा अधिकारी. दूध, खवा, तेल, बेदाणा, हळद, जे जे माणसाच्या पोटात जातं ते तपासायचं, नमुने घ्यायचे, वाईट असेल तर जप्त करायचं, हे आमचं काम. मी चौगुले. रसायनशास्त्रात विद्यापीठात दुसरा आलो होतो, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. कायद्याची कलमं मला तोंडपाठ. सरगर माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, कवठे महांकाळकडचा, मेंढपाळांच्या घरातला. बी.एस्सी. त्यानं कशीबशी पार पाडली होती. कलम विचारलं की तो खिशातून एक चुरगळलेली वही काढायचा, जिभेला बोट लावून पानं उलटायचा आणि म्हणायचा, "थांबा, म्या लिवून ठिवलंय कुटंतरी."

आणि तरीही साहेबांचं कुठं अडलं की हाक जायची ती सरगरला. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करायचो. मनात मात्र तो कायम अरे-तुरेच राहिला, आणि इथंही तसाच राहू दे.

अंगानं सडसडीत, उंच, खांदे पुढे झुकलेले. चालताना मधूनच मागे वळून बघायची सवय. मागे कोणी नसायचंच, पण घरी मेंढरं वळलेली, ती सवय गेली नव्हती. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक मोटारसायकलची किल्ली. ती मोटारसायकल त्यानं कधीच विकून टाकली होती. किल्ली कशाला ठेवली होती, ते पुढं येईलच.

त्याची मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट म्हणजे, "मला न्हाई ठावं" असं तो कोणासमोरही बिनदिक्कत सांगायचा. नवे साहेब आले तेव्हा त्यांनी टेबलावर हळदीची एक पुडी ठेवली आणि आम्हाला विचारलं, "हिच्यात काय मिसळलं असेल?" मी सुरू झालो. आम्लाची चाचणी, रंग कसा पालटतो, कुठला कृत्रिम रंग वापरतात, त्याबद्दल नियम काय म्हणतो. साहेब ऐकत होते, मधूनच घड्याळ बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी सरगरकडं मान वळवली.

"बगून न्हाई सांगता येणार, सायब. मला न्हाई ठावं," सरगर म्हणाला. "पर ही कुटल्या गिरणीतली ते सांगा, मी जाऊन दोन तास बसून येतो."

आणि खरोखरच तो जाऊन नुसता बसून आला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या हातात पिवळ्या भुकटीची पिशवी होती. गिरणीतल्या हमालानं ती स्वतःहून आणून दिली होती म्हणे.

"असं कसं स्वतःहून देईल?" मी विचारलं.

"म्या काय बी इचारलं न्हाई. नुसता बसलो. दोन तासांनी त्योच म्हनला, आवं सायब, ह्येच बगाय आलायसा नव्हं?"

हळदीची रासायनिक तपासणी नंतर मीच लिहिली. अहवाल निर्दोष होता. पण कार्यालयात त्या दिवसानंतर सांगितली जायची ती पिशवीची गोष्ट.

दुसरी गोष्ट शिराळ्याची. नागपंचमीच्या आधी तिथं मिठाईला फार उठाव असतो, म्हणून आम्ही दोघं तपासणीला गेलो. एका दुकानात हिरवट पडलेला खवा निघाला. जप्ती केली, दुकानदारासमोरच तो नष्ट केला. मी त्याला नियम वाचून दाखवत होतो आणि तो खाली मान घालून ऐकत होता. सरगरची पद्धत अशी, की कारवाईआधी तो कोणाच्या घरचा पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, आणि कारवाई झाली की त्याच माणसाशेजारी बसून निवांत चहा प्यायचा. त्या दिवशीही तो बसला. "बरफाची पेटी मोडलीया व्हय?" त्यानं विचारलं. दुकानदार रडकुंडीला आला. पेटी खरंच बंद पडली होती. सरगरनं त्याला इस्लामपुरातला एक दुरुस्तीवाला सांगितला, फोन लावून दिला आणि मगच उठला.

पुढच्या वर्षी त्या दुकानदाराच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर 'श्री. सरगरसाहेब' असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'व सहकारी'. मी सहकारी. ज्या माणसाचा माल आपण मातीत घातला, तो आपल्याला लग्नाला बोलावतो, हे कुठल्या कायद्यात बसतं? मी गेलो नाही. सरगर गेला आणि माझ्यासाठी लाडू घेऊन आला. वर हेही सांगितलं, "तूप चांगलं हाय. म्या वास घिऊन बगितलाय."

निदान माझं घर तरी त्याच्यापासून सुरक्षित असेल असं मला वाटायचं. आम्ही दिगंबर जैन. घरात कांदा-लसूणसुद्धा नाही, पाणी गाळून प्यायचं, सूर्य मावळायच्या आत जेवायचं. सरगर मटण खाणारा, तेही आवडीनं. एकदा मी तापानं आजारी होतो तेव्हा तो बघायला आला. चपला पार अंगणाबाहेर काढल्या. आईनं पाणी विचारलं तर म्हणाला, "भांडं वरनं धरा अक्का, मी वंजळीनं पितो." ऊन कलायला लागलं तसा उठला. "तुमची जेवायची येळ. मी बसलो तर खोळंबा." आईनं त्याला थांबवून गूळ-शेंगदाणे दिले. तो गेल्यावर मला म्हणाली, "किती जाणता माणूस हाय बघ. नायतर तू. नुसता तुसडा." त्यानंतर तो आला की चहात वेलदोडा पडायचा. मला ताप असतानासुद्धा पडला नव्हता.

आता किल्लीचं. डबाबंद वस्तू तपासताना डबा फुगलाय का, गंजलाय का, शिवण सुटलीय का हे डोळ्यांनी बघतात. सरगर डोळ्यांनी बघायचाच, पण नंतर किल्लीच्या टोकानं झाकणावर टिचकी मारायचा आणि कान जवळ नेऊन ऐकायचा. चांगला डबा टण्ण वाजतो. आत वायू धरायला लागला असेल तर तो फुगायच्या आधीच आवाज बसतो. हे पुस्तकात आहे, मी वाचलं होतं. पण तो पुस्तकातून शिकला नव्हता. पावसाळ्यात कोवळा पाला जास्त खाल्ला की मेंढरांची पोटं फुगतात. त्याचा बाप डाव्या कुशीवर टिचकी मारून सांगायचा, कुठलं फुगलंय, कुठलं फुगणार आहे. "फुगलेलं मेंढरू ढोलावानी वाजतंय," सरगर म्हणायचा, "आन डब्याचं उलटं. त्यो बिघडला की मुका हुतो. येवडाच फरक." मी कितीदा त्याचं बघून पेनानं डबे वाजवून पाहिले. गुलाबजामचे, अननसाचे, सगळे. मला सगळे सारखेच वाजायचे. हे मी कोणाला कळू दिलं नाही. तो विचारायचा, "काय ऐकू आलं, चौगुलेसायब?" आणि मी त्याच्या तोंडाकडं बघून उत्तर द्यायचो.

मग महापूर आला. सांगलीत पाणी किती चढलं ते इथल्या माणसांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर व्यापाऱ्यांचा बुडालेला माल रस्त्यावर येऊन पडला. त्यातला बराच फेकला गेला, पण सगळाच नाही. सांगलीत डबाबंद मासळी कोण खातं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण हायवेचे ढाबे आहेत, सुट्टीवर आलेले फौजी आहेत, आणि रस्त्याच्या कामांवरचे लांबून आलेले मजूर आहेत. अशाच एका कामावरचे पाच मजूर उलट्या होऊन दवाखान्यात आले. बांगड्याचा डबा खाल्ला होता. माधवनगरला एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या गोदामातून तो माल येत होता. साहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या जप्तीसाठी माझ्या आणि सरगरच्या नावानं आदेश काढला.

ते भाद्रपदातले दिवस होते. आमचं दशलक्षण पर्व चालू होतं, रोज क्षमा, सत्य अशा एकेका गुणाचा दिवस. दहा दिवस मी दिवसातून एकदाच जेवत होतो आणि रोज संध्याकाळी मंदिरात प्रवचनाला जात होतो. सरगर माझ्या टेबलाशी आला.

"चौगुलेसायब, तुमचं पर्व हाय आन ह्ये माशाचं काम. मी जातो की. सोबतीला दुसरं कुनीतरी घेतो. तुमी हितनं कागदाचं बगा."

याहून सरळ बोलणं असू शकत नाही. पण मला त्यातून ऐकू आलं ते वेगळंच. जप्तीला पत्रकार येणार होते. मजूर आजारी पडल्यामुळे गावभर चर्चा होती. म्हणजे फोटो सरगरचा, नाव सरगरचं, आणि मी इथं कागदाचं बघायचं.

"माधवनगर माझ्या हद्दीत येतं," मी म्हणालो. "पंचनामा माझ्याच नावानं होईल."

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

गोदामाचं दार उघडलं आणि सडक्या मासळीचा वास अंगावर आला. दाराशीच टम्म फुगलेल्या डब्यांचा ढीग होता. आत अंधारात खोकी रचलेली. मी रुमाल नाकाला लावून दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. सरगर आत गेला. तो आकडे ओरडून सांगत होता आणि मी लिहीत होतो. मधूनमधून किल्लीचा आवाज यायचा. टण्ण. टण्ण. थप्प.

कायदा असा, की नमुना ज्याच्या नावानं घेतला जातो त्या अधिकाऱ्यानं तो स्वतः घ्यायचा, पंचांसमोर स्वतः सील करायचा. हे मला पाठ होतं. सरगर दाराशी येऊन हळू आवाजात म्हणालासुद्धा, "सायब, सील तरी तुमच्या हातानं लावा."

"लावा हो तुम्हीच," मी म्हणालो. उपवासाच्या दिवसांत तो चिकट डबा हातात घ्यायचा, या विचारानंच मला शिसारी आली होती.

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि फुगलेल्या डब्यांच्या नमुन्यांना सील लावलं. मी पंचनाम्यात सुंदर अक्षरात लिहिलं, 'मी स्वतः डबे हाताळून तपासले, नमुने घेतले व सील केले.' सही केली. पत्रकारांनी दारात उभं करून माझा फोटो काढला. पाच वाजत आले होते, मंदिराची वेळ होत होती. "राहिलेलं तुम्ही बघा," असं सरगरला सांगून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर दुसरा पंचनामा होता. अकरा पानं, गिचमिड अक्षर, ठिकठिकाणी खाडाखोड, आणि खाली सही सरगरची. मी गेल्यावर त्यानं आतली चांगली दिसणारी खोकी उघडून एकेक डबा वाजवला होता. त्यांच्यावर नवी लेबलं होती. लेबल ओलं करून सोलल्यावर खाली जुनी, उलटून गेलेली तारीख निघाली आणि शिवणीत पुराचा वाळलेला गाळ. त्यांचे नमुने त्यानं स्वतःच्या नावानं घेतले होते.

"खरी जप्ती तर ही आहे, चौगुले," साहेब म्हणाले. "फुगलेले डबे काय, तो म्हणेल फेकायला ठेवले होते."

त्या दिवशीच्या पेपरात फोटो माझा होता. पण दुसऱ्या दिवशीची मोठी बातमी नव्या लेबलांची होती आणि तिच्यात नाव होतं सरगरचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जेवायला गेलो नाही, बसून साहेबांना लेखी तक्रार केली. 'श्री. सरगर यांनी माझ्या हद्दीत, मला अंधारात ठेवून, माझ्या परवानगीशिवाय कारवाई केली आहे.' साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "पुन्हा एकदा विचार करा." मी विचार केला नाही. कागद फायलीत गेला.

सरगरला हे कळलंच. दुसऱ्या दिवशी मी आलो तर माझ्या टेबलावर तांब्या झाकून ठेवलेला. "पानी गाळून ठिवलंय," तो फायलीतून डोकं वर न काढता म्हणाला. पर्वाचे राहिलेले तिन्ही दिवस तो ते करत होता. असलं काही त्यानं केलं की मला त्याचा जास्तच राग यायचा. मी घरून बाटली आणायला लागलो.

सहा-सात महिन्यांनी व्यापाऱ्यानं कोर्टात अर्ज केला, की जप्ती बेकायदेशीर आहे, माल मला परत द्या. प्रयोगशाळेचे अहवाल आमच्या बाजूनं होते. पण नमुनाच नियमानं घेतला नसेल तर अहवालाला काय किंमत? आणि माल सुटला असता तर त्या नव्या लेबलांचे डबे पुन्हा त्याच ढाब्यांवर, त्याच मजुरांच्या ताटात गेले असते. त्या पाचांतला एक तोवर दवाखान्याच्या फेऱ्याच मारत होता. सरगर दर पंधरा दिवसांनी त्याला बघून यायचा. मी एकदाही गेलो नव्हतो.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच मला समजलं, की व्यापाऱ्याच्या वकिलानं माहितीच्या अधिकारात माझी तक्रार मिळवली आहे. वकील आमच्याच समाजाचे, आमच्याच मंदिरातले. मी व्हरांड्यात सरगरजवळ गेलो. तो बाकावर बसून किल्ली बोटात फिरवत होता.

"माझं पत्र त्यांच्या हाती लागलंय," मी म्हणालो.

"ठावं हाय."

"मग आता?"

"आता काय? इचारलं तर सांगायचं."

"अहो, पण काय सांगायचं?"

सरगर माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "मला न्हाई ठावं. लिवलंय तुमी. तुमालाच ठावं."

मी साक्षीला उभा राहिलो. वकिलांनी फार नम्रपणे सुरुवात केली. "चौगुलेसाहेब, जप्तीच्या दिवशी आपल्या पर्वाचा कितवा दिवस होता?"

"पाचवा."

"उत्तम सत्याचा. त्या संध्याकाळी प्रवचनाला आपण शेजारी बसलो होतो, आठवतं? त्या दिवशी आपण माशाचे डबे स्वतःच्या हातानं हाताळलेत?"

त्यांचा डाव मला स्पष्ट दिसत होता. हो म्हटलं तर त्यांच्यासमोर, मंदिरात माझ्या शेजारी बसलेल्या माणसासमोर, मी धडधडीत खोटं बोलणार. नाही म्हटलं तर माझा पंचनामा गेला. आणि मग माझंच पत्र दाखवून ते सरगरचाही घालवणार. समोर टेबलावर सील केलेले डबे ठेवले होते. सरगर मागच्या बाकावर बसला होता. तो माझ्याकडं बघतच नव्हता. त्या डब्यांकडं बघत होता. मला वाटलं, या माणसाला आता तरी माझी भीती वाटायला हवी होती. ती वाटत नव्हती, याचाही मला हेवा वाटला.

"नाही," मी म्हणालो. "मी दारात बसलो होतो. नमुने सरगरांनी घेतले, सीलही त्यांनीच लावलं."

"म्हणजे आपला पंचनामा खोटा?"

"त्या वाक्यापुरता खोटा."

"आणि हे आपलं पत्र? सरगरांनी आपल्या परवानगीशिवाय कारवाई केली?"

"तेही खोटं. आदेश दोघांच्या नावानं होता. आणि निघताना, राहिलेलं तुम्ही बघा, असं मीच त्यांना सांगितलं होतं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग असं पत्र तुम्ही का लिहिलंत?"

इतकी वर्षं जे मी नेमानं केलं होतं, त्याचं नाव तोंडातून कधी काढलं नव्हतं. बायकोजवळही नाही.

"हेव्यापोटी," मी म्हणालो. "मला यांचा हेवा वाटतो, साहेब."

टंकलेखकानं मान वर करून विचारलं, "हेव्यापोटी, असंच घालू?"

"तसंच घाला," न्यायाधीश म्हणाले, आणि मशीनची खडखड सुरू झाली.

माझा पंचनामा रद्द झाला, सरगरचा टिकला. नव्या लेबलांचा माल सुटला नाही. ते सगळे डबे नष्ट करायचा हुकूम पुढं यथावकाश आला. फुगलेले डबे परत मागायला कोणी आलंच नाही, म्हणून तेही त्याच खड्ड्यात गेले. माझी खात्यांतर्गत चौकशी झाली, ताकीद मिळाली आणि वर्षभर बाहेरची तपासणी बंद. कोर्टातून बाहेर पडलो त्या दिवशी मला वाटलं होतं, सरगर काहीतरी मोठं बोलेल. त्यानं आभाळाकडं बघितलं. "ऊन उतराय लागलंय. आदी घरला जावा, जेवा." आणि मग दोन पावलं गेल्यावर मागे वळून म्हणाला, "लय अवगड काम केलंसा."

दुसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सरगरमुळे केस वाचली." कोर्टात खरं बोललो मी, आणि शाबासकी पुन्हा त्यालाच. मी खोटं कशाला सांगू, तेव्हाही हेवा वाटलाच.

डबे नष्ट करायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. कचरा डेपोच्या मागं मोठा खड्डा खणला होता. मी एक डबा हातात घेतला, पहिल्यांदाच. सरगरनं आपली किल्ली पुढं केली. मी टिचकी मारली.

"काय ऐकू आलं?"

मी सवयीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "थप्प," मी म्हणालो.

"ह्यो चांगला हुता," तो म्हणाला आणि डबा माझ्या हातून घेऊन खड्ड्यात टाकला. जेसीबीनं वर माती ओढली.

पुढच्याच वर्षी तो निवृत्त झाला. निरोप समारंभाला कोण कोण आलं होतं काय सांगू. ज्यांचा माल त्यानं मातीत घातला होता असे चार व्यापारी तर मीच मोजले. शिराळ्याचा मिठाईवाला पेढे घेऊन आला होता. भाषण करा म्हटल्यावर सरगर उभा राहिला, वही काढली, पानं उलटली आणि म्हणाला, "लिवून ठिवलं हुतं कुटंतरी. गावंना." आणि बसला. टाळ्या थांबेनात. मी तीन पानांचं भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं.

आता मी साताऱ्यात आहे आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर एक हुशार तरुण अधिकारी बसते. तिला सगळी कलमं पाठ आहेत. परवा, दिवाळी झाल्यावर, एका तपासणीहून आम्ही जीपनं परत येत होतो. कराडच्या अलीकडं मेंढरांचा मोठा कळप रस्ता ओलांडत होता, म्हणून ड्रायव्हरनं गाडी थांबवली. दर वर्षी या दिवसांत पूर्वेकडची धनगर मंडळी कळप घेऊन चाऱ्यासाठी पश्चिमेला निघतात. कळपाच्या कडेला एक उंच, वाकलेला माणूस पूर्ण बाह्यांच्या शर्टात एका मेंढीशेजारी गुडघ्यावर बसला होता. मी उतरलो.

"आवं, चौगुलेसायब!" तो न उठताच म्हणाला. "ह्यो माझा धाकटा भाऊ. कळप त्येचा. मी आपला ह्येच्या संगं चालतोय."

भाऊ हसला. त्याच्यासारखेच दात, त्याच्यासारखेच झुकलेले खांदे. सरगरनं मेंढीच्या डाव्या कुशीवर बोटानं टिचकी मारली, कान लावला आणि मग बाजूला सरकला. "तुमी बगा."

मी जीपकडं बघितलं. ती तरुण अधिकारी काच खाली करून बघत होती. मी खाली बसलो. लोकर ऊबदार होती, हाताला तेलकट लागली. मी टिचकी मारली, कान लावला, आतून काहीतरी खुळखुळलं, कदाचित माझाच श्वास असेल.

"काय ऐकू आलं?"

या वेळी मी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. "मला नाही कळलं," मी म्हणालो. "मला कधीच कळलं नाही, सरगर. डब्यांचंही नाही."

"मला ठावं हुतं की," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात टेकून उठला. "बरी हाय ती. फुगली न्हाई."

कळप रस्त्यापलीकडं गेला. सरगरनं हाताचा हलका इशारा केला आणि भावाच्या शेजारून चालायला लागला. भाऊ काहीतरी सांगत होता, सरगर मान हलवत होता, मधूनच सवयीनं मागं वळून मेंढरांकडं बघत होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी मी तिथंच उभा होतो. अठरा वर्षं तो माझ्या समोरच्या खुर्चीत बसला होता, आणि असं शेजारून मी त्याच्याबरोबर एकदाही चाललो नव्हतो. त्या दिवशी मला पहिल्यांदाच सरगरचा नाही, त्याच्या भावाचा हेवा वाटला.